चित्र कसे पाहावे?



दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आपल्या शाळेत चित्रप्रदर्शन भरले होते. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. काही जण नुसती एक फेरी मारून गेले. काहींनी आपल्या मुलाचे चित्र तेवढे शोधले आणि घरची वाट धरली. मी मात्र ते प्रदर्शन चार दिवस पाहिले, कारण त्याचे परीक्षण लिहिण्याचे काम गुरुजींनी माझ्यावर सोपवले होते. परीक्षण म्हणजे चांगले काय, उणे काय, ते पारखून सांगणे. मला वाटले, त्यात काय मोठेसे! पण खरं सांगतो, ते काम मला नीट जमले नाही. माझी चूक कोठे झाली आणि त्यातून मी काय शिकलो, ते या लेखात लिहीत आहे. चित्र काढायला बाई आणि गुरुजी शिकवतात. पण चित्र पाहायलाही शिकावे लागते, हे मला आता कळले आहे.

प्रदर्शनाची मांडणी

दर वर्षी आपले प्रदर्शन जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या वेळी भरते. या वर्षी गुरुजींनी ते मुद्दाम दसऱ्याआधी घेतले. आपल्या बीड जिल्ह्यातून पुष्कळ माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला कारखान्यांवर जातात, ती उन्हाळ्यातच परत येतात. "ज्यांची मुलं चित्रं काढतात त्यांनाच ती बघायला मिळत नाहीत, मग प्रदर्शन कुणासाठी?" असे गुरुजी म्हणाले.

चित्रे व्हरांड्यात आणि सातवीच्या वर्गात लावली होती. एकूण चौसष्ट चित्रे होती. सुतळ्या ताणून त्यांवर चित्रे अडकवली. टाचण्या कमी पडल्या तेव्हा बाभळीचे काटे आणले, तेही चांगलेच टिकले. शेवटच्या बाकावर पहिली-दुसरीच्या मुलांनी पोळ्याला केलेले मातीचे बैल मांडले होते. त्यातल्या दोन बैलांची शिंगे मोडली होती, ती डिंकाने चिकटवली. उद्घाटन आपल्याला खिचडी करून देणाऱ्या मावशींच्या हस्ते झाले. त्या म्हणाल्या, "मला भाषण येत न्हाई, मी रांगोळी काढते." आणि त्यांनी दारात ठिपक्यांची रांगोळी काढली. तेच उद्घाटन!

गुरुजींनी एक नियम केला होता. चित्राखाली नाव लिहायचे नाही, फक्त क्रमांक लिहायचा. नावांची यादी कार्यालयातल्या कपाटात. नाव दिसले की आपण चित्र पाहत नाही, माणूस पाहतो. हुशार मुलाचे चित्र आपोआप चांगले वाटू लागते, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक चित्राखाली मी एक लहान चिठ्ठी लिहून लावायची, असे ठरले.

कोणी म्हणेल, मुलांच्या चित्रांना एवढे काय महत्त्व द्यायचे? पण आपल्या देशात हे काम जुने आहे. प्रसिद्ध व्यंगचित्रकार केशव शंकर पिल्लई, ज्यांना सगळे 'शंकर' म्हणून ओळखतात, त्यांनी १९४९ साली दिल्लीत मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षापासून ती जगातल्या सर्व मुलांना खुली झाली. मोठ्या माणसांना जे दिसत नाही ते मुलांच्या चित्रांत सापडते, म्हणूनच ती पाहायची.

चित्रांचे प्रकार

प्रदर्शनात निरनिराळ्या प्रकारची चित्रे होती. ती ओळखता आली की पाहणे सोपे जाते.

पहिला प्रकार वस्तुचित्र. समोर वस्तू ठेवायची आणि दिसते तशी काढायची. अशी बारा चित्रे होती. तांब्या, बादली, दप्तर, गुरुजींची मोटारसायकल वगैरे. यात एक चूक फार जणांनी केली आहे. तांब्याचे तोंड त्यांनी बरोबर लांबटगोल काढले, पण बूड पट्टीने आखल्यासारखे सरळ काढले. तांब्या थोडा वरून पाहिला तर तोंड लांबटगोल दिसते, आणि बुडाची कडही खालच्या बाजूला वाकलेली दिसते. घरी जाऊन पाहा. क्रमांक ५ च्या चित्रात हे बरोबर साधले आहे, म्हणून तो तांब्या चटईवर नीट बसल्यासारखा वाटतो. बाकीचे तांब्ये कलंडतील की काय, अशी भीती वाटते.

दुसरा प्रकार स्मरणचित्र. पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा. बाजार, जत्रा, पोळा, शाळेतली खिचडीची रांग अशी चित्रे यात येतात. हायस्कूलला गेल्यावर चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असे वेगवेगळे विषय असतात, असे आपले माजी विद्यार्थी सांगतात. स्मरणचित्र काढताना समोर काही नसते. सगळे डोक्यात असते. म्हणून ज्याने नीट पाहिले असेल त्यालाच ते जमते.

तिसरा प्रकार ठसेकाम आणि चिकटकाम. भेंडीचा आडवा काप रंगात बुडवून दाबला की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. दुसरीच्या मुलांनी अशा फुलांची वेल केली होती. तिसरीच्या मुलांनी जुन्या लग्नपत्रिका कापून मोर चिकटवला होता. त्याच्या पिसाऱ्यात 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ तशीच राहिली होती. ती वाचून पालक फार हसले.

चौथा प्रकार वारली पद्धतीचा. ही कला आपल्या राज्यातल्या पालघर भागातल्या वारली लोकांची. पूर्वी लग्नाच्या वेळी सुवासिनी झोपडीच्या भिंतीवर ही चित्रे काढीत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढऱ्या रेषा काढायच्या. माणसाचे अंग दोन त्रिकोणांनी होते, त्यांची टोके कमरेपाशी जुळतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदावर व कापडावर काढून जगभर पोहोचवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. आपल्या प्रदर्शनात वारली पद्धतीची सहा चित्रे होती. त्यांतल्या पाच चित्रांत तारपा वाजवणारा माणूस आणि भोवती नाच आहे. ती पुस्तकातून किंवा मोबाईलवरून पाहून काढली आहेत. सहाव्या चित्रात मात्र पाण्याचा टँकर आहे, आणि घागरी घेतलेल्या त्रिकोणी बायकांची रांग टँकरभोवती गोल फिरत गेली आहे. पद्धत वारल्यांची, पण प्रसंग आपल्या गल्लीतला. हे चित्र पाहून एक आजी म्हणाल्या, "ही मधली मीच हाय, घागर तिरकी धरलेली."

पाचवा प्रकार निसर्गचित्र. हीच चित्रे सर्वांत जास्त, म्हणजे एकोणीस होती. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

रंग कोठून आले?

रंगपेट्या सर्वांकडे नव्हत्या. म्हणून बाईंनी सहावीला घरच्या वस्तूंपासून रंग करायला शिकवले. पिवळा हळदीचा, तांबूस गेरूचा, काळा चुलीतल्या कोळशाचा आणि काजळीचा, हिरवा पालेभाजीच्या रसाचा. नुसता गेरू पाण्यात कालवून लावला तर वाळल्यावर हाताला लागतो. त्यात थोडे डिंकाचे पाणी घातले की तो कागदाला धरून राहतो. विकतच्या जलरंगातही असाच झाडाचा डिंक असतो, आणि तो बाभळीच्या जातीच्या झाडांपासून मिळतो. म्हणजे आपल्या काट्याकुट्यांच्या बाभळीने टाचण्याही दिल्या आणि डिंकही दिला!

हळदीची एक गंमत सांगतो. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की ती लाल होते. कुंकू करण्याची जुनी रीत हीच आहे. क्रमांक ३३ च्या चित्रात मधला सूर्य हळदीचा पिवळा होता आणि त्याच्या कडेने निवळीचे बोट फिरवून लाल प्रभा केली होती. फार सुंदर दिसत होते. पण ते चित्र व्हरांड्याच्या पश्चिमेच्या टोकाला लावले होते. तिथे दुपारचे ऊन येते. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. चौथ्या दिवशी सूर्य पार फिका पडला होता. उन्हानेच सूर्य खाल्ला, असे आम्ही म्हणालो. पण त्यातून शिकण्यासारखे आहे: कोणत्या रंगाचे चित्र कोठे लावायचे, याचाही विचार करावा लागतो.

सतरा नंबरचे चित्र

आता माझ्या चुकीकडे वळतो.

परीक्षणाचे काम देताना गुरुजींनी मला तीन शब्द शिकवले होते. प्रमाण, रंगसंगती आणि मांडणी. प्रमाण म्हणजे कोणती वस्तू कितपत मोठी, रंगसंगती म्हणजे रंगांचा मेळ, आणि मांडणी म्हणजे कागदावर काय कोठे ठेवले ते. हे तीन शब्द मिळाल्यावर मला तर फारच भारी वाटू लागले. हातात पेन आणि चिठ्ठ्या घेऊन मी परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांसारखा फिरत होतो. एका चित्रासमोर मी फार तर दोन मिनिटे थांबत असेन.

क्रमांक १७ चे चित्र कोळशाने काढलेले होते. जवळजवळ सगळा कागद काळा. मध्ये एक बैल उभा आहे, तो एवढा मोठा की त्याची शिंगे कागदाच्या वरच्या कडेला लागली आहेत. त्याच्या पायापाशी एक बुटके घर, बैलाच्या पाठीपेक्षाही खाली. घराला खिडकी नाही, कौले नाहीत. आणि एका कोपऱ्यात हरभऱ्याएवढा पिवळा डाग. बाकी काही नाही. मी चिठ्ठी लिहिली:

'क्र. १७. प्रमाण चुकले आहे. बैल घरापेक्षा मोठा आहे. रंग काळपट असून चित्रात आनंद नाही. कोपऱ्यात रंगाचा डाग पडला आहे.'

चिठ्ठी लावली आणि पुढे गेलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक पालक आले. सोबत त्यांची मुलगी होती. ती चौथीत आहे. मी चिठ्ठ्या नीट करीत होतो. ते सतरा नंबरपाशी थांबले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, "बाळा, ह्याच्याखाली काय लिव्हलंय ते वाचून दाव की. मला वाचाया येत न्हाई."

माझ्या पोटात गोळा आला. चित्र कोणाचे ते मला तेव्हाच कळले. मुलगी वडिलांच्या मागे उभी राहून माझ्याकडे पाहत होती. तिला वाचता येते. तिने ती चिठ्ठी आधीच वाचलेली होती, आणि घरी काही सांगितले नव्हते. खोटे वाचावे, 'छान चित्र' असे म्हणावे, असे क्षणभर मनात आले. पण ती समोर होती. मी हळू आवाजात वाचले, "प्रमाण चुकले आहे. बैल घरापेक्षा मोठा आहे."

ते म्हणाले, "घर न्हाई रं ते. कोपी हाय. कारखान्यावर आम्ही ऱ्हातो ना, ती. बांबू न पाचटाची असती. आत वाकून जावं लागतं. बैल उभा ऱ्हायला की कोपीच्या वरनं दिसतो. बराबर काढलंय पोरीनं."

मी पुढे वाचले, "रंग काळपट असून चित्रात आनंद नाही."

ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "पहाटं तीनला उठून फडात जावं लागतं. तवा अंधारच असतो. तिनं पाहिलंय ते. मागल्या साली संगं होती आमच्या."

शेवटचे वाक्य मी वाचलेच नाही. पिवळ्या डागावर बोट ठेवून मी मुलीला विचारले, "हे काय आहे गं?"

ती पहिल्यांदाच बोलली. "आईची चूल."

तिच्या वडिलांनी वाकून पाहिले. त्यांच्याही ते ध्यानात आले नव्हते. ते काहीच बोलले नाहीत.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "परवा आम्ही निघणार. यंदा ही आजीपाशी ऱ्हाईल, शाळा बुडायला नको. चित्र शाळंतच ऱ्हाऊ द्या, तिकडं भिजून जाईल. ही चिठ्ठी मात्र मला दे. पोरीच्या चित्राला शाळंनं काय लिव्हलं, ते संगं असू द्यावं."

आता सांगा, ती चिठ्ठी मी कशी देणार? मी म्हणालो, "काका, ही चिठ्ठी चुकीची आहे. मी नीट न बघता लिहिली. मला उद्यापर्यंत वेळ द्या. मी दुसरी लिहून देतो." ते हसले आणि म्हणाले, "बरं. दे उद्या."

मोठे काय आणि लहान काय?

मी गुरुजींच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. मला वाटले ते रागावतील. ते म्हणाले, "चूक अर्धी माझी आहे. मी तुला शब्द दिले, पण ते कधी वापरायचे ते सांगितलं नाही." मग त्यांनी मला विचारले, "चित्रात एखादी वस्तू मोठी का असते?"

मी म्हणालो, "खरोखर मोठी असते म्हणून."

"ते एक कारण झालं. आणखी?"

मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी समजावले ते असे:

पहिले कारण, वस्तू खरोखरच मोठी असते. बैल कोपीपेक्षा उंच दिसतो, हे काकांनी सांगितलेच.

दुसरे कारण, वस्तू जवळ असते. जवळचे मोठे दिसते, लांबचे लहान दिसते. डोळ्यासमोर हात धरला तर अख्खा डोंगर झाकतो. जमिनीवर अंथरुणात पडून शेजारच्या बैलाकडे पाहिले तर तो आभाळाला टेकलेला दिसणारच. मुलीने तो तिथूनच पाहिला होता.

तिसरे कारण, वस्तू महत्त्वाची असते. मागच्या वर्षी आपली सहल अजिंठ्याला गेली होती. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी आपण पाहिला. आठवा, तो त्याच्या आजूबाजूच्या माणसांपेक्षा कितीतरी मोठा आहे. ते चित्र सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे. ज्या चित्रकारांनी बोटांची नखे आणि गळ्यातले मोती इतके बारकाईने काढले, त्यांना काय प्रमाण कळत नव्हते? कळत होते. पण त्या भिंतीवर सर्वांत महत्त्वाचा तो होता, म्हणून तो मोठा. ऊसतोडीला गाडी घेऊन जाणाऱ्या घरात बैलावरच सगळे चालते. बैल बसला तर गाडी बसली, आणि गाडी बसली तर मजुरीही बुडाली. मग चित्रात तो मोठा का नसावा?

गुरुजी शेवटी म्हणाले, "तिन्ही कारणं एका चित्रात आली आहेत, आणि ती मुलगी चौथीत आहे. तू प्रमाण चुकलं म्हणालास. प्रमाण कशाचं? तुझ्या डोक्यातल्या घराचं. तिनं पाहिलेल्या कोपीचं नाही."

हे ऐकून मला वाईट वाटले. पण एक गोष्ट नीट समजली. अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभे राहून आम्ही माना वर करून अर्धा तास पाहिले होते, आणि आपल्याच शाळेच्या भिंतीवरच्या चित्रासमोर मी दोन मिनिटेही उभा राहिलो नव्हतो.

पुन्हा एकदा पाहणी

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन मी सर्व चौसष्ट चित्रे पुन्हा पाहिली. या वेळी पेन खिशात ठेवले. आधी पाहायचे, मग लिहायचे, असे ठरवले होते.

निसर्गचित्रांपाशी आलो तेव्हा माझे डोळे उघडले. एकोणीस चित्रे होती असे वर लिहिलेच आहे. त्या सर्वांत दोन त्रिकोणी डोंगर आहेत. दोन डोंगरांच्या मधोमध सूर्य उगवतो आहे. तिथूनच निळी नदी निघते आणि खाली येताना रुंद होते. काठावर लाल कौलांचे घर, घराशेजारी वाकलेले नारळाचे झाड, आणि आभाळात आडव्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी.

मित्रांनो, आपल्या गावात नारळाचे झाड किती? एकही नाही. लाल कौलांचे घर? आपल्याकडे माळवदाची आणि पत्र्याची घरे आहेत. नदी आहे, पण दसरा झाला की ती आटू लागते आणि होळीला तिच्यात आपण क्रिकेट खेळतो. मग ही एकोणीस चित्रे कोठून आली? ती एकमेकांच्या वहीतून आली. पहिले कोणी काढले ते कोणालाच माहीत नाही. त्यात रंग स्वच्छ आहेत, मांडणी नीट आहे, सगळे आहे. फक्त पाहिलेले काहीच नाही.

या एकोणीस चित्रांत क्रमांक ४१ चे चित्र होते. त्याच्याखाली मी पहिल्या दिवशी चिठ्ठी लावली होती: 'प्रमाण उत्तम. रंगसंगती मनोहर. प्रदर्शनातील सर्वोत्कृष्ट चित्र.' आता लपवून काय उपयोग? क्रमांक ४१ चे चित्र माझे आहे. नाव झाकले तरी मला माझा नंबर माहीत होता!

मी ती चिठ्ठी काढली आणि दुसरी लावली: 'क्र. ४१. काम स्वच्छ आहे. पण चित्रकाराने यातील एकही गोष्ट स्वतः पाहिलेली नाही. त्याने पुढच्या वेळी आपल्या घराच्या पायरीवर बसून समोर दिसेल ते काढावे.'

मग सतरा नंबरची नवी चिठ्ठी लिहिली. चार वेळा लिहिली आणि खोडली. मोठे मोठे शब्द घातले की ते खोटे वाटायचे. शेवटी असे लिहिले:

'क्र. १७. हे स्मरणचित्र आहे. पहाटेचा अंधार आहे. बैल मोठा आहे, कारण तो जवळ आहे आणि घराचा आधार आहे. कोपी ठेंगणी आहे, तशीच ती असते. कोपऱ्यात आईची चूल पेटली आहे. सगळ्या अंधारात तेवढाच उजेड आहे, म्हणून डोळा शेवटी तिथेच जाऊन थांबतो. चित्र जे पाहिले तेच सांगते.'

ही चिठ्ठी मी दोनदा उतरवली. एक चित्राखाली लावली. दुसरी संध्याकाळी काकांना वाचून दाखवली. त्यांनी ती घडी करून टोपीत ठेवली. परवाच्या पहाटे त्यांची गाडी गेली.

चित्र कसे पाहावे?

यावरून मी पुढील नियम काढले आहेत. ते गुरुजींनी तपासले आहेत.

१. आधी थांबा. मनातल्या मनात शंभर आकडे मोजेपर्यंत एकाच चित्रासमोर उभे राहा. तोपर्यंत 'छान' किंवा 'वाईट' म्हणू नका.

२. जे दिसते ते आधी मोजा. किती माणसे, किती झाडे, उजेड कोठून येतो, सर्वांत मोठे काय, सर्वांत लहान काय. पुष्कळदा सर्वांत लहान गोष्टीतच चित्राचा जीव असतो.

३. विचित्र दिसले की लगेच चूक म्हणू नका. 'असे का काढले असेल?' असे विचारा. उत्तर सापडले नाही तरच चूक म्हणा.

४. चित्र पाहून काढले आहे, आठवून काढले आहे की दुसऱ्याचे उतरवले आहे, ते ओळखा. उतरवणे हे पाप नव्हे, हात वळण्यासाठी ते करावेच. पण तिथेच थांबू नये.

५. काळा रंग म्हणजे दुःख आणि पिवळा म्हणजे आनंद, असे ठरवून टाकू नका. काळा रंग कधी नुसती पहाट असते.

६. चूक खरी असेल तर जरूर सांगा, पण सुधारणा कशी करावी तेही सांगा. तांब्याचे बूड सरळ काढले आहे, एवढे म्हणून थांबू नये. तांब्या समोर ठेवून दाखवावा.

७. चित्र काढणारा समोर असेल तर त्याला विचारा. यात कमीपणा नाही. मी विचारले नसते तर चूल मला अजूनही डागच वाटली असती.

पालकांना एक विनंती

मुलाने चित्र आणून दाखवले की आपण म्हणता, "हे काय काढलंस?" त्या प्रश्नाने मूल गप्प होते. त्याला वाटते, आपले चुकले. त्याऐवजी नुसते म्हणा, "ह्यातलं मला सांग." मग बघा ते किती बोलते. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही चित्र वाचता येते. सतरा नंबरचे चित्र मला वाचता आले नाही. मी सातवीत आहे, मला मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही वाचता येतात. ते वाचून दाखवले अक्षर न येणाऱ्या काकांनी.

स्वाध्याय

१. घरातला तांब्या समोर ठेवून तीन ठिकाणांहून काढा. वरून, समोरून आणि जमिनीवर पडून. तोंडाचा आकार कसा बदलतो ते पाहा.

२. हळदीच्या पाण्याने एक कागद रंगवा. अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून चार दिवस उन्हात ठेवा. काय होते ते वहीत लिहा.

३. नारळाचे झाड न काढता आपल्या गावाचे चित्र काढा.

४. आपल्या घरात सर्वांत मोठे कोण? त्याचे उत्तर न लिहिता चित्र काढून दाखवा.

प्रदर्शन आता संपले आहे. चित्रे ज्याची त्याला परत दिली. क्रमांक १७ चे चित्र तेवढे या भित्तिपत्रकाच्या शेजारी राहणार आहे. ते चौथीच्या वर्गाकडच्या आतल्या भिंतीवर लावले आहे, तिथे ऊन येत नाही. चुलीचा ठिपका हळदीचा आहे. कारखान्यावरची माणसे परत येईपर्यंत तो फिका पडता कामा नये.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी